तीन ते साडेचार मीटर

४ मार्च

— आणि तरी ड्रिलरकाकांचं आपलं तेच! "मॅडम, दगड तो दगड. त्याला कसली आलीय जात?" चौथ्यांदा समजावलं. वरचा सँडस्टोन म्हणजे नदीने वाहून आणलेली वाळू, दाण्यांमध्ये चुना मुरून घट्ट झालेली. मडस्टोन वेगळा. शांत पाण्यात तळाला बसलेला बारीक गाळ, वरच्या थरांच्या ओझ्याने दाबून दाबून दगड झालेला.

"म्हणजे आमच्यासारखाच की!" काका म्हणाले. "घरच्यांच्या ओझ्याने."

मी हसले. पण पायांचे तुकडे पडलेत. दिवसभर उभी.

५ मार्च

मशीन बंद. काका चिडलेले. मी नुसती बसून दमले — हे कसं काय होतं?

६ मार्च

घाण केली आज.

ड्रिलिंग करताना तीन मीटरच्या खाली मडस्टोन लागला. ओला, राखाडी, सुंदर. बाहेर आल्या आल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मेण लावायचं असतं, नाहीतर वाळून फुटतो. पण त्याच्याखाली आला लाइमस्टोन — आणि त्यात अख्खा शिंपला! कधीकाळी इथे समुद्र होता! मी भिंग घेऊन बसले ती बसलेच.

"मॅडम, हा गुंडाळायचा ना?"

"दोन मिनिटं, काका!"

दोन तास झाले. उन्हात मडस्टोनचे पापुद्रे सुटले. उचलायला गेले तर हातात भुगा. तसाच नमुन्यांच्या डब्यात भरला. लाखो वर्षं लागली त्याला दगड व्हायला, आणि मी एका दुपारीत परत माती केली.

७ मार्च

मजबुती तपासायला लॅबला त्या मडस्टोनचे तुकडे पाठवायचे होते. मशीन सकाळीच दुसऱ्या साइटवर गेलं. परत बोलवायचं तर सरांना सांगावं लागणार, आणि माझं हे पहिलंच काम.

वरच्या सँडस्टोनचे तुकडे पाठवले. चिठ्ठीवर लिहिलं : ३ ते ४.५ मीटर. अक्षर छान आलंय.

११ मार्च

रिझल्ट आला. दगड एकदम मजबूत. असणारच!

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शिका जरा हिच्याकडून." मान वर होईना. मग टेबलावरचं ड्रॉइंग दिसलं. पाण्याच्या टाकीचे खांब बरोबर तिथेच टेकणार आहेत, साडेतीन मीटरवर. त्याच मडस्टोनवर, ज्याची तपासणी झालीच नाही. शेजारी शाळा.

आईचा फोन. "आवाज का असा येतोय?"

"दमलेय गं."

"मग जेव आणि झोप. दगड कुठे पळून जात नाहीत."

१२ मार्च

नाही सांगितलं.

१३ मार्च

सरांच्या दारापर्यंत जाऊन आले. "काय गं?" म्हणाले. मी म्हटलं, स्टेपलर हवा होता.

१४ मार्च

सांगितलं. सगळं, एका दमात. वाटलं, आता ओरडतील, नोकरी जाईल, पण सुटेन तरी.

सर चहा ढवळत होते. म्हणाले, "तो नमुन्यांचा डबा आला त्याच दिवशी मी उघडून पाहिला होता. आता परत ड्रिलिंग करायला लावलं तर टाकी वर्षभर लांबेल. रिपोर्टवर सही माझी आहे, तुझी नाही. घरी जा, झोप काढ."

टाकीच्या इंजिनिअरबाईंचा नंबर आहे माझ्याकडे. सोमवारी पायाचं काँक्रीट पडणार. डायरी, तूच सांग — सरांना डावलून फोन लावू?