तुझी फेरी आली की मशीन बंद

दादा,

तू फेरीला निघालास की शिपाई वर फोन करतो आणि आम्ही छपाईचं मोठं मशीन बंद करतो. तुला वाटतं, चहाची सुट्टी आहे. खरं म्हणजे ते चालू असलं की अख्खा वरचा मजला हादरतो. हे सांगणाऱ्या फिटरला तू सगळ्यांदेखत घरी पाठवलंस, तेव्हापासून तोंड उघडायची कुणाची छाती होत नाही. माझीही नाही.

खाली बाइंडिंगला बायका बसतात, त्यांच्यात वहिनीही असते. काल तिच्या अंगावर छताचे पोपडे पडले. केस झटकत मला म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच सांगा यांना. मी बोलले की म्हणतात, तुला मशीनमधलं काय कळतं."

म्हणून हे लिहायला बसलो, तर तूच दारात.

"काय रे, सगळं ठीक ना?"

मी कागदावर हात ठेवला. "एकदम ठीक, दादा."

"तू आहेस म्हणून मला घोर नाही," म्हणालास आणि खाली वहिनीकडे गेलास.

तुझी फेरी संपली असं समजून पोरांनी मशीन सुरू केलंय. माझ्या टेबलावरचा पेला वाजतोय, आणि मी अजून लिहितोच आहे.

तुझा,
धाकटा