चार तंगड्यांचं मीठ

प्रिय बाबा,

टर्कीच्या चार तंगड्यांना मीठ किती लागतं? परवा आईनं विचारलं.

"बीएस्सी झाली ना तू? मिठाचा हिसाब येत नाही?" आई म्हणाली. घरातली पहिली ग्रॅज्युएट मान खाली घालून उभी! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिला डिसेंबर. गोरखपूर मोहल्ल्यातून तुमचे दोस्त मार्टिन अंकल आले. पिशवीत त्यांनी घरी पाळलेल्या टर्कीच्या चार तंगड्या. "विठ्ठल नहीं है, मगर उसका ड्रम तो है ना?" म्हणाले. मी परसात जाऊन त्या ड्रमवरची धूळ पुसली. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, बाबा. म्हणून हे पत्र.

छावणीतल्या मेसमधून रिटायर झालात आणि पहिलं काम काय केलंत, तर जुना लोखंडी ड्रम आणून त्यात जाळी बसवलीत! साहेबांना आयुष्यभर खिलवलं, आता आपल्या गढा मोहल्ल्यातल्या घरी करू, म्हणालात. एक दिवस तंगड्या मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, लाकडाचा धूर द्यायचा. "पांढरा धूर कडू असतो बेटा. निळसर होऊ दे, मग ठेव." आणि मीठ? ते तुम्ही कधी मोजलंच नाही. पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे. झालं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी मांस सोडलं. आई चिडली, "कोंबडीनं काय बिघडवलं तुझं?" तुम्ही मात्र संध्याकाळी माझ्यासाठी वेगळी कढई घेऊन आलात. रागावला का नाहीत हो?

मग तो ताप आला आणि तुमची चव गेली. ताप उतरला, चव परतली नाही. त्या डिसेंबरात तुम्ही मिठाच्या पाण्याचा डाव घेऊन माझ्या टेबलापाशी आलात. "चाखून पाह्य बेटा, मीठ बरोबर आहे का?"

मी पुस्तकातून डोकंही वर केलं नाही. "बरोबर आहे, बाबा."

मी चाखलंच नव्हतं. मांसाच्या भांड्यातलं काही तोंडात घालायचं नाही, हे माझं तत्त्व. पण त्या पाण्यात मांस अजून पडलंच नव्हतं! मीठ, गूळ, काळी मिरी, तेजपत्ता, एवढंच तर होतं. इतकं शिकून मला एवढं कळू नये?

तुमच्या हातून मीठ दोनदा पडलं होतं. मार्टिन अंकलनी एक घास खाल्ला आणि पाणी मागितलं. "विठ्ठल, हाथ गया रे तेरा!" ते हसले, तुम्हीही हसलात. मग ड्रमवर झाकण ठेवलंत, ते कायमचं. पुढच्या डिसेंबरात त्यांची पिशवी तशीच परत पाठवलीत. आई विचारायची, "काहून नाही करत वो आता?" तुम्ही म्हणायचात, "हात राहिला नाही." मी बाजूच्या खोलीत. दर वेळी ऐकायची आणि दर वेळी गप्प बसायची.

तुम्ही तरी एकदा विचारायचं होतंत, खरंच चाखलं होतंस का म्हणून! शिकलेल्या पोरीवर इतका विश्वास ठेवतात का?

यंदा मी वजनकाटा घेऊन बसले. आधी थोडं पाणी, थोडं मीठ, चाखायचं, पुन्हा थोडं. कमी पडलं, मग जास्त झालं. चौथ्या खेपेला बोट जिभेला लावलं आणि डोळे आपोआप मिटले, बाबा. तुमचे मिटायचे तसेच.

दुसऱ्या दिवशी धूर निळसर होईपर्यंत थांबले. चार तासांनी तंगड्या तांबूस झाल्या, मांस हाडावरून सुटायला लागलं. मार्टिन अंकलनी दुसरी तंगडी उचलली. आई म्हणाली, "हात बापाचा आला हिच्यात."

ते मला सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं.

आई उठून उभी राहिली. "दीड वर्ष तो माणूस स्वतःच्या हातांकडे पाहून राहिला होता," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मार्टिन अंकलनी हातातलं हाड खाली ठेवलं. "मैं तो समझता था मेरे मज़ाक से बंद किया उसने. दो साल से यही सोच रहा हूँ, बेटा." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटत होतं, हे ओझं मी एकटीच वाहते आहे!

आई बाहेर आली ती ताट घेऊन. "आलूची भाजी केली तुझ्यासाठी. चल, जेव. आणि मीठ पाहून सांग. खरं सांगजो."

खरंच सांगीन, बाबा. चाखल्याशिवाय यापुढे कुणालाही 'बरोबर आहे' म्हणणार नाही. मांस मी अजूनही खात नाही, पण दर डिसेंबरला मिठाचं पाणी मीच चाखीन.

आज सकाळी ड्रमच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहून टाकलं: विठ्ठलचा ड्रम. एक लिटर पाणी, साठ ग्रॅम मीठ. आणि त्याखाली, मोठ्या अक्षरांत: चाखून पाह्य.

तुमची,
पल्लवी