उसाच्या शेवटच्या चार सऱ्या

मनाली वहिनी,

फोन कालपासून बंद आहे, म्हणून पहिल्या एसटीनं मलकापूरला वनखात्याच्या ऑफिसात जातेय. आबांनी काल आपल्या फडातून टोपलीत आणलेली पिल्लं रानमांजराची नाहीत, बिबट्याची आहेत. कंदिलाच्या उजेडात ठिपके नीट बघितले.

आबांना कुणी बोलू नका. पोरकी समजून त्यांनी पिल्लांना गरम पाण्यानं अंघोळ घातली, तीळतेल चोळलं, शेळीचं दूध पाजलं. "लेकरू ते लेकरूच की," म्हणाले. पण ती पोरकी नव्हती. मादी पिल्लं उसात ठेवून शिकारीला जाते आणि परत त्याच जागी येते.

ती जागा म्हणजे बांधालगतच्या चार सऱ्या. बाकी फड तुटलाय आणि आज ऊसतोडीची टोळी तेवढ्याही तोडणार. दादाला सांग, एवढा ऊस आजचा दिवस उभा राहू दे. तो म्हणेल, "टोळी एकदा गेली की परत येत न्हाय." खरं आहे. तरी सांग.

ऊस राहिला तर संध्याकाळी टोपली तिथंच ठेवायची. नाही राहिला तर काय करायचं, मला माहीत नाही. तोवर पिल्लांना हात लावू नका. बाळाला ओट्यावर सोडू नकोस.

परसात घमेलं पालथं घातलंय, ते उचलू नकोस. खाली पावलं आहेत. सैपाकघराच्या भिंतीकडेनं मादी रात्री फिरून गेलीय. आबांना सांगू नकोस. झोपताना ते म्हणत होते, "आई असती तर आली नसती व्हय?"

संघप्रिया