साखीरच्या उन्हावर एक रात्र

ईसा टाउन, बहरीन
९ जानेवारी २०२५

चि. मेधा हीस,
अ. उ. आ.

तुझी मेल पोचली. फोनवर तू निम्मं ऐकत नाहीस आणि मी निम्मं बोलू देत नाही, तेव्हा दोघी बहिणींना पत्रच बरं.

सध्या घरात माझं आणि गंधारचं, म्हणजे मायलेकांचं, युद्ध चालू आहे. इथे हिवाळ्यात निम्मं बहरीन साखीरच्या वाळवंटात मुक्काम ठोकतं. गंधार आणि त्याच्या ऑफिसातला ओस्विन यांनी मिळून यंदा तिथे एक पत्र्याची केबिन घेतली आहे. मी जायचं, सूनबाईंनी जायचं, कस्तुरीने तर आजीचा हात धरून नाचत जायचं. फक्त तुझ्या भावजींनी घरी बसायचं! कारण काय, तर झोपेत श्वास अडकू नये म्हणून ते नाकावर लावतात ते मशीन. त्याला रात्रभर वीज लागते, आणि तिथला जनरेटर जेवणं आटोपली की बंद करतात.

 हे कस्तुरीला म्हणाले, की आबांना थंडी सोसत नाही. ज्या माणसाने पुलांच्या कामावर अर्धी नोकरी तंबूत काढली, त्याला म्हणे थंडी सोसत नाही! माझं डोकंच फिरलं. तशीच सलमाबादला रहिमतुल्लाच्या दुकानात गेले आणि उन्हावर चार्ज होणारी मोठी बॅटरी आणि घडीचं सोलर पॅनेल घेऊन आले. रात्रभर मशीन चालेल, इंशाल्ला, असं तो म्हणाला. इंशाल्ला बाजूला ठेव आणि वॉरंटीवर सही कर, असं मी त्याला सुनावलं.

उद्या शुक्रवार. उद्या हे साखीरला झोपणार. गंधारने कपाळाला आठ्या घालून का होईना, हो म्हटलंय.

तुझा लोभ असू दे, आणि उपदेश तुझ्याकडेच राहू दे.
चारुताई

ईसा टाउन
१२ जानेवारी २०२५

चि. मेधास,
अ. आ.

फजिती झाली. कोणाला सांगू नकोस.

सकाळपासून पॅनेल उन्हात होतं. ऊन असं की डोळे उघडवेनात. तरी संध्याकाळी बॅटरी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. गंधारने आकडा पाहिला, गाडीची किल्ली घेतली आणि ह्यांना घरी आणून सोडलं. कस्तुरी गाडीमागे धावली. ती एरवी आपल्याशी इंग्रजीतच बोलते, पण त्या दिवशी मराठीत रडली. आता गंधारचं म्हणणं, पुढच्या शुक्रवारी शेवटची संधी, नाहीतर या सीझनमध्ये बाबांचं नाव काढायचं नाही. हे त्यावर मान डोलावतात! मला नवऱ्याचा राग जास्त येतो की मुलाचा, ते ठरवता येत नाही.

काल दुकान उघडण्याआधीच रहिमतुल्लाच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याला भर बाजारात लबाड म्हटलं. तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता, की मॅडम, पॅनेल ठेवलं कसं होतं? मला विचारतो! अगं, मी पोटच्या पोरासारखं जपलं त्याला. तिथे वाळू किती उडते! म्हणून डायनिंग टेबलावरचं जाड प्लास्टिक कापून, कडेला इलॅस्टिक घालून त्याला छान अभ्रा शिवला. पहाटेच्या दवाने आतून जरा घाम धरला होता, पण ओरखडा म्हणशील तर एक नाही.

बॅटरीत नक्की खोट आहे. तुझ्या घरी गच्चीवर सोलर आहे, म्हणून विचारते. लगेच लिही. शुक्रवार जवळ आला.

तुझी
चारुताई

नाशिक
१३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा हे खुर्चीतून पडायचे राहिले. कोणाला सांगू नकोस म्हणालीस, पण नवऱ्याला त्यात मोजत नाहीत.

ताई, तू पॅनेलला अभ्रा घातलास! टीव्हीचा रिमोट, मिक्सर, प्रवासाची बॅग, सगळ्यांना तू प्लास्टिक चढवतेस, ते मी जन्मभर पाहत आले. पण पॅनेलचं पोट उन्हावर भरतं गं. धूळ बसलेल्या, घाम धरलेल्या जाड प्लास्टिकमधून त्याला काय दिसणार? काढ तो अभ्रा. पॅनेल आडवं न ठेवता सूर्याकडे तिरपं उभं कर, सूर्य सरकेल तसं फिरव, आणि धूळ कोरड्या मऊ फडक्याने पूस.

आणखी एक. भावजींचं मशीन हवेसाठी पाणी गरम करतं ना? थंड केबिनमध्ये ते पाणी तापवण्यातच बॅटरी रिकामी होईल. एका रात्रीपुरतं ते बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचार. तू विचार, भावजींना सांगू नकोस. ते विचारतो म्हणतील आणि विचारणार नाहीत.

रहिमतुल्लाचं काय करतेस? कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियर आपल्याला ज्याची माफी मागायची त्याच्यासमोर उभं करायच्या, आठवतं?

राग नसावा. असलाच तर लवकर निघावा.
तुझी
मेधा

ईसा टाउन
१८ जानेवारी २०२५

चि. मेधास,
अनेक आशीर्वाद, आणि चार धपाटे.

आधी माफीचं. संक्रांतीच्या वड्यांचा डबा घेऊन सलमाबादला गेले. रहिमतुल्लाने चहा मागवला आणि अभ्र्याची गोष्ट चक्क दोनदा सांगायला लावली, दुसऱ्यांदा शेजारच्या दुकानदाराला बोलावून. मी सांगितली. आता तू हसणं पुरे कर.

डॉक्टर म्हणाले, एक रात्र पाणी नसलं तर नाक कोरडं पडेल, एवढंच. काल हे सकाळपासून खुर्ची टाकून पॅनेलशेजारी बसले. सूर्य हलला की पॅनेल हलवायचं, रुमालाने पुसायचं. ओस्विन कबाब भाजता भाजता म्हणाला, की अंकल पॅनेलला ऊन देतायत की उन्हाला पॅनेल दाखवतायत? दुपार कलायच्या आत बॅटरी काठोकाठ भरली. गंधार तीन वेळा आकडा बघून गेला आणि तिन्ही वेळा मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

केबिन म्हणजे बर्फाची पेटी गं. हीटर लावायचा नाही, असा मीच हुकूम काढलेला, नाहीतर बॅटरी संपली असती. ह्यांनी दोन रजया, मास्क आणि त्यावर माकडटोपी घातली. कस्तुरी म्हणाली, आबा रॉकेट चालवायला निघालेत. आणि मग झोपले, बाई. मशीन सकाळपर्यंत चाललं, वर बॅटरी उरली. गंधार माझ्याहून आधी उठून पाहून आला होता. त्याने मला आकडा सांगितला आणि तिथेच माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तेव्हा कळलं, हा मुलगा हट्टी नव्हता, घाबरलेला होता. मी त्याला काही बोलले नाही. तू म्हणशील, अशक्य.

मी चहा गाळत होते, तेवढ्यात आजोबा-नात उगवता सूर्य बघायला निघून गेलेसुद्धा. मोजे घाला, म्हणून मी दारातून ओरडले. ह्यांनी मागे न बघता नुसता हात हलवला. मेधे, दोन वर्षं कुठेही निघायचं म्हटलं की आधी तिथे पलंगाशेजारी प्लग आहे का, हे विचारणारा माणूस तो. दोघं दिसेनासे होईपर्यंत मी दारातच उभी राहिले.

ते परत येईपर्यंत चहा पार गार झाला. कितीतरी वर्षांत इतक्या आनंदाने मी गार चहा प्यायले नव्हते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
चारुताई