हनुवटीची खळी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. अभिनंदन फोनवर झालंच आहे, आता दुरुस्त्या. चौथ्या महिन्यात बाळ डोळे उघडून बघतं असं तू लिहिलंयस, ते साफ चूक. पापण्या तेव्हा चिकटलेल्या असतात, त्या सुटतात सातव्याच्या सुमाराला. ऐकू मात्र त्याच्या आधीपासून येऊ लागतं, तेव्हा जावईबापूंना म्हणावं, अंघोळीचं गाणं जरा बेतानं. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, बाळ मला आजोबा म्हणणार की तुझ्यासारखं काकाच. त्या प्रश्नाकडे शेवटी येतो. बाळाला घाई नाही, तूही करू नकोस.

सध्या नर्सिंग कॉलेजसाठी गर्भाच्या महिन्यावार प्रतिकृती करतोय, प्लास्टरच्या. कॉलेजची पायरी मी शिकायला कधी चढलो नाही, पण तिसऱ्या महिन्याच्या बोटांची नखं माझ्याइतकी नेमकी कोणी कोरून दाखवावीत! तर परवा तिथल्या मोठ्या सिस्टर आल्या, सगळ्या ओळीनं पाहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही सगळी एकाच घरची भावंडं आहेत का?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मापं घ्या, एक चुकलं तर फोडून टाकतो. त्यांनी मापं घेतली नाहीत. नुसतं एकेका हनुवटीवर बोट ठेवत गेल्या. पाचव्या महिन्यापासून पुढच्या प्रत्येकाला खळी! मला पत्ताच नाही. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, तर ती पदरात तोंड घालून हसत सुटली आणि तुझा चार वर्षांची असतानाचा फोटो आणून माझ्यापुढे ठेवला.

माझ्या हाताला पोराचा एकच चेहरा येतो, त्याला मी काय करू? तुझे नऊ महिने मी पाहिले नाहीत, रांगणं नाही, पहिला दात नाही. आमचं लग्न झालं आणि तू आलीस ती थेट चालती-बोलती, आईचा हात धरून, माझ्याकडे चोरावर ठेवावी तशी नजर ठेवून. तेव्हा मी रद्दीतून आणलेलं बालमानसशास्त्राचं पुस्तक वाचत होतो. त्यात होतं की या वयाच्या मुलांना बुटक्या भांड्यातलं दूध उंच पेल्यात ओतलं की जास्त वाटतं. मी लगेच ओतून पाहिलं. तुझे डोळे असे चमकले! आईला म्हणालीस, "काका जास्त देतात." आई मला म्हणाली, "लबाड माणूस, पोरीला फसवतोय." पण त्या पेल्यानं माझी वर्णी लागली. पुस्तकाप्रमाणे सातव्या वर्षी हे कळायला हवं, आणि तुला कळलंही. एका सकाळी म्हणालीस, "काका, दूध तेवढंच असतं." मी मनात म्हटलं, संपली आपली चलती. पण तू तोच उंच पेला पुढे केलास. याचं कारण मी पुढच्या सगळ्या प्रकरणांत शोधलं. नाही सापडलं.

तर आता तुझा प्रश्न. दुरुस्त्या फोनवरही सांगता आल्या असत्या. पत्र या एकाच गोष्टीसाठी लिहितोय, कारण ती तोंडानं सांगताना माझा आवाज बिघडेल. तुला बाबा म्हण असं मी कधी म्हटलं नाही. मागून मिळालेलं घ्यायचं नाही, हा माझा ताठा. आणि काका या हाकेत मी सुखात राहिलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण या खेपेला मागतो. आजोबा. पहिल्या दिवसापासून, मधल्या कुठल्याही पायरीशिवाय. सिस्टरांच्या सगळ्या हनुवट्या मी सपाट करून दिल्या. नवव्या महिन्याची एक प्रतिकृती मात्र जास्तीची काढून घरी ठेवलीय, हनुवटी कोरी सोडून. बाळाला घेऊन ये, नीट बघून मग कोरीन. या वेळी अंदाजानं नाही.

तुझाच काका,
आणि तू हो म्हणालीस तर, त्याचा आजोबा