सोमवारचा ठिपका

प्रिय हिशेबनीसबाई,

गेल्या सोमवारी पहाटे मी पावाची भट्टी पेटवलीच नाही. नेहमीसारखा उठलो, अंघोळ केली, भट्टीच्या तोंडाशी उभा राहून हात जोडले आणि काडी न ओढताच परत येऊन बसलो. आपल्या लग्नापासून ती कधी गार पडलेली नाही, तुला ठाऊक आहे. भटारीदादांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाले, वहिनी तिकडे हिशेब शिकवायला काय गेल्या, मालक इकडे बिघडले.

तू घालून दिलेलं आलेखाचं काम मी नेटानं करतोय. आठवड्याला मैद्याची किती पोती लागली ते आडव्या रेघेवर, एकूण खर्च उभ्या रेघेवर, दोन्ही जुळतील तिथे ठिपका. आधी ठिपके असे विखुरले की दादा म्हणाले, कागदावर माश्या बसल्यात. सहसंबंध काढला तर नावापुरता. मग ध्यानात आलं, लाकडाची गाडी ज्या आठवड्यात येई, त्याच आठवड्यावर मी सगळ्या लाकडाचा खर्च टाकत होतो. जळत मात्र होतं महिनाभर. जळेल तसं मांडलं, आणि ठिपके प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे रांगेत आले. तुझ्या प्रतिगमनाच्या सूत्रानं त्यांच्यातून रेघ काढली. ती शून्य पोत्यांपाशीच बरीच उंच निघते. भाडं, पगार, भट्टी तापती ठेवणारं लाकूड. एकही पाव न भाजता लागणारा हा स्थिर खर्च. पुढचा चढ तेवढा पोत्यागणिक वाढणारा.

खरं सांगू, तुझी आठवणही तशीच निघाली. वाटलं होतं, काम वाढलं की ती कमी होईल. पण पोती दोन असोत की दहा, ती आहे तेवढीच.

तुझं पत्र आलं, की तिथं तुला नोकरीत कायम करताहेत, पण तू नाही म्हणणार आहेस, कारण भट्टीला सुट्टी नाही आणि मला तिकडे कधीच येता येणार नाही. त्या दिवशी रेघ पुढ्यात घेऊन बसलो. एक दिवस बंद ठेवला तर मैदा वाचेल, भाडं-पगार वाचणार नाही, एवढं तिनं सांगितलं. गार भट्टी पुन्हा तापवायला काय लागेल, हे मात्र ती सांगेना. बिचारी सांगणार कशी? तिला तापत्या भट्टीपलीकडे काही माहीतच नव्हतं. म्हणून तो सोमवार बंद ठेवून पाहिला. भट्टी पुन्हा तापवायला थोडं लाकूड जास्त लागलं, तेवढा त्या आठवड्याचा ठिपका रेघेच्या जरा वर पडला. नफ्याला थोडी झळ बसेल, पण दुकान तरेल. देवाची कृपा म्हणायची.

आज पुन्हा सोमवार. दारावर ‘दर सोमवारी बंद’ अशी पाटी ठोकली, दादांना पगार न कापता सुट्टी दिली. अक्षर हलतंय, कारण हे मी बसमध्ये लिहितोय. पत्र तुझ्या हातात मीच देईन. वाचून झालं की माझ्यासमोर बसून त्यांना होकार लिही.

तुझाच,
भट्टीवाला