कोरड्या दिवसांचं बिल

भंडारा

बाबा, तुमाले आन् आईले जयभीम.

मी बरी आहो. तिसऱ्या माळ्यावर बकेटी चढवून खांदा दुखते, पण हे आईले वाचून दाखवू नोका.

आमच्या वस्तीत नळ कोरडे, तरी पाणी कंपनीनं बिल वाढवलं. सोमवारी लोकायनं कंपनीच्या साहेबाले बोलावलं. सगळे ओरडून राहिले होते. मी कॅलेंडर घेऊन उभी झाली.

"साहेब, नळ आला त्या दिवशी मी खूण केली. मोजा."

महिन्यात नऊच दिवस निघाले. साहेबानं परत मोजले, तरी नऊच. कोरड्या दिवसाचे पैसे घेणार नाही, असं साहेबानं लिहून देल्लं. आज कंपनीचे लोक नव्या पाइपासाठी खोदूनही राहिले.

तिकडं विहिरीले पाणी आहे ना?

शाळेत हजेरी देतानाही रडणारी तुमची पोरगी बोलली, बाबा!

तुमची,
तृप्ती